पांढरी रुई, मुळातला गणपती आणि रविपुष्याची रीत

प्रश्न थोडक्यात असाय. जिंतूरकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय की वावराच्या धुऱ्यावर पांढऱ्या फुलाची रुई आलीय, गावातले म्हणायलेत की मुळाशी गणपती असतो, रविपुष्याला, म्हणजे रविवारी पुष्य नक्षत्र पडतं त्या दिवशी, काढून देवघरात ठेवा, बरकत येते. एक देवऋषी म्हणतो खाली धन पुरलंय. आणि शहरातला एक माणूस "मूळ मला द्या, पन्नास हजार देतो" म्हणून चकरा मारायलाय, त्यानं सोबत चांदीच्या डबीतली हत्ताजोडी (जोडलेल्या दोन हातांसारखं दिसणारं म्हणे मूळ) पण काढून दाखवली. वडिलांना मूळ काढायचंय, आईला भ्या वाटतंय, घरात लहान लेकरं आहेत. करावं काय?

मी वैद्य आहे, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दवाखाना आहे, घरात जडीबुटीचं काम आज्यापासून चालत आलेलं. आज्याला रुई, आघाडा, निर्गुडी रीतीनं काढताना बघितलंय आणि पुढं कॉलेजात त्याच रुईतलं विष पण शिकलोय, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. उत्तर आधीच देऊन टाकतो, भाऊ, झाड उपटू नका. आणि हे मी अंधश्रद्धा-बिंधश्रद्धा म्हणून नाही सांगत, आपल्या जुन्या रीतीतच ते बसत नाही म्हणून सांगतोय. ज्यांनी ही रीत बसवली त्यांनी अख्खं झाड उपटायला आणि विकायला कधीच परवानगी दिलेली नाही, हे आता कुणी सांगत नाही.

आधी एक बघा, झाड खरंच पांढऱ्या रुईचंच आहे का. कारण निम्मे लोक इथंच फसतात. आपल्याकडं दोन रुया आहेत. मोठी रुई जी असते तिच्या पाकळ्या पूर्ण उघडून आडव्या पसरतात, जराशा मागं वळतात, आणि मधोमध पाच बाजूंचा मुकुटासारखा उंचवटा असतो, नेहमीच्या झाडाला हे सगळं फिक्कं जांभळं असतं. दुसरी लहान रुई, तिच्या पाकळ्या वाटीसारख्या वर उभ्या राहतात, बाहेरून पांढरट पण आतून टोकाला गडद जांभळा ठिपका, आणि फळ फुगीर, कैरीएवढं गोलसर. या दुसरीला लांबून बघून लोक "पांढरी सापडली" म्हणून नाचतात. खरी पांढरी म्हणजे मोठ्या रुईचाच पांढऱ्या फुलाचा प्रकार, तिच्या पाकळीवरही जांभळं नाही, मुकुटावरही नाही, सगळं दुधी. फूल तोडू नका, खाली वाकून नुसतं आतल्या मुकुटाकडं बघा, जांभळी छटा दिसली की विषय संपला. मंदार, मांदार, श्वेतार्क ही नावं गावोगाव अशी कालवलेली आहेत की नावावरून काहीच ठरत नाही, फुलावरूनच ठरवा.

आता या झाडाला एवढं जादूचं वलय कामून आलं, तर मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही खरं तर. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तर आपण सगळ्यांनी बघितलंय. तशा उन्हाळ्यात, वावरात हिरवं पान नाही, विहिरी कोरड्याठाक, बाभळीसुद्धा करपलेल्या, आणि धुऱ्यावर, उकिरड्याशेजारी, पडक्या वाड्याच्या भिंतीत रुई मात्र हिरवीगार, वरून फुलं. मूळ खोल, पानावर मेणाचा पांढरा भुगा, त्यामुळं पाणी उडत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. विज्ञान एवढंच आहे. पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं ते बघून म्हटलं असंल की हिच्यात कायतरी आहे बाबा, तर मी त्याला हसणार नाही. त्यात हे सूर्याचं झाड. नवग्रहांच्या समिधा बघा, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, आणि सूर्याला रुई. भर उन्हात तगणारं झाड सूर्याला दिलं, बसवणाऱ्याची नजर चांगली होती.

गणपतीचा संबंध गणेशपुराणातनं आलाय. गोष्ट अशी की धौम्य ऋषींचा मुलगा मंदार आणि और्व ऋषींची मुलगी शमी, हे नवराबायको. भृशुंडी ऋषींना गणपतीची भक्ती करता करता सोंड फुटलेली, त्यांना बघून हे दोघं हसले, ऋषींनी शाप दिला की झाडं व्हा, कुणी जनावर पण जवळ येणार नाही अशी. मग और्वांनी तप केलं, गणपती प्रसन्न झाले आणि म्हणाले शाप तर फिरवता येत नाही पण मी मंदाराच्या मुळाशी राहीन. म्हणून गणपतीला शमी आणि मंदार, म्हणजे आपली रुई, दोन्ही चालतात. आता ही गोष्ट नीट वाचा, देव मुळाशी राहतो असं म्हटलंय, मूळ तोडून घरी न्या असं कुठंय?

मूर्तीचं म्हणाल तर मुळाची अंगठ्याएवढी मूर्ती करून पुजावी असं जुन्या पूजाविधीत आहे, "करावी" असं. म्हणजे कोरणं ही काही लबाडी नव्हती, ते मान्यच होतं. लबाडी सुरू होते ती कोरलेला गणपती स्वयंभू म्हणून विकला की. रुईचं मूळ जिथं फाटतं तिथं गाठ येते, एखादा फाटा वाकडा जातो, आणि बघणाऱ्याला सोंड दिसते, पोट दिसतं. ते तेवढंच दिसतं, अंदाजानं. ज्या मूर्तीत मुकुट, मोदक, दात, वर पायाशी उंदीर सगळं साफ दिसतंय ती हत्यारानं केलेली आहे, डोळे झाकून समजा. भिंग घेऊन सोंडेच्या आतल्या बाजूला बघा, तिथं पॉलिश पेपर पोचत नाही, पटाशीचे ओरखडे तसेच राहतात. शिवाय रुईचं वाळलेलं मूळ हातात हलकं लागतं, बाजारातले बरेच गणपती चांगले जड असतात, लाकूड कुठलंतरी भलतंच आणि वरून शेंदूर. मुळात गणपती तयार व्हायला किती वर्षं लागतात हे पण प्रत्येक जण वेगळं सांगतो, कुणी बारा म्हणतो कुणी एकवीस, विकणाऱ्याला जेवढी किंमत पाहिजे तेवढी वर्षं.

आता रीत सांगतो, आमचा आजा करायचा ती. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, दिवस मावळायच्या आत झाडाकडं जायचं. बुडाशी हातभर जागा झाडून घ्यायची, तांब्याभर पाणी घालायचं, हळद-कुंकू, अक्षता, एक सुपारी, सव्वा रुपया. आणि आवतण द्यायचं, लग्नाला पाव्हण्याला देतात तसंच, मोठ्यानं. आजा म्हणायचा, "उद्या तांबडं फुटायच्या आत येतो, अमक्याच्या घरी दुखणं आहे, त्याच्यासाठी न्यायचंय, राग धरू नको." कुणासाठी न्यायचं त्याचं नाव घ्यावंच लागायचं. नाव नसंल तर जायचंच नाही. रात्री उपास. पहाटे आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी वळायचं नाही, आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. लोखंड लावायचं नाही, कुदळ नाही, खुरपं नाही, खैराची नाहीतर बाभळीची टोकदार खुंटी करून नेलेली असायची तिनंच उकरायचं. उत्तरेकडं गेलेलं एक मूळ, एकच, बोटाएवढं. मधलं सोटमूळ शिवायचं नाही. मग खड्डा परत बुजवायचा, उरलेलं पाणी ओतायचं, आणि मागं न बघता घरी. ते मूळ जमिनीवर ठेवायचं नाही, पैसे घेऊन द्यायचं नाही. ज्याचं नाव घेतलं त्यालाच.

आता तुम्ही हसाल, पण या एकेका नियमाकडं जरा वैद्याच्या नजरेनं बघा. लाकडाच्या खुंटीनं काळ्या मातीत किती उकरता येतं? दिवस उगवेपर्यंत घाम निघतो आणि हातात बोटभर मूळ येतं, झाड जागेवर. जेसीबीनं रविपुष्य साधायला निघालेले लोक आत्ता आत्ताचे. पुष्य नक्षत्र सत्तावीस दिवसांनी येतंय, ते रविवारी पडायचा योग वर्षात मोजक्याच वेळा, म्हणजे काढायची बंदी जवळपास वर्षभर. नाव घ्यायचं म्हणजे गरज असंल तरच काढायचं, साठा करायचा नाही. आणि हे फक्त खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं खूळ नाहीये बरं का, चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषध गोळा करायची पद्धत दिलीय, त्यात पांढरं वस्त्र, उपास, देवांची पूजा, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड हे सगळं जवळपास असंच आहे, आणि सोबत ऋतू पण सांगितलेत, मुळं उन्हाळ्यात किंवा शिशिरात पानं झडल्यावर, साल आणि चीक शरदात. आवतणातली वाक्यं आजा-पणज्यांची, सांगाडा मात्र शास्त्राचा. मधल्या काळात दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं, आता वेगळं करत बसायचं कामून.

रुईचे बाकीचे मान-पान आपल्याला रोजचेच आहेत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, खुलताबादच्या भद्रा मारुतीला गेलात तर तिथं निजलेल्या मारुतीवर माळांचा ढीग असतो. पानाला देठ जवळपास नसतोच, त्यामुळं ओवताना सुई जाड शिरेतनं घालावी लागते, तिथनं चीक निघतो, दोरा चिकट होऊन काळा पडतो आणि बोटं पण. काही जण पानापानावर शेंदरानं राम लिहितात. देगलूर-बिलोलीकडं, तेलंगणाच्या शिवेवर, रथसप्तमीला सात पानं अंगाखांद्यावर ठेवून आंघोळ करायची पद्धत आहे. आणि अर्कविवाह, हे नवीन पोरांना माहीत नसंल, तिसरं लग्न अशुभ मानायचे म्हणून बिजवराचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचे, मुंडावळ्या, अक्षता, सगळं, म्हणजे खरी बायको आपोआप चौथी झाली. काही समाजांत तर बिनलग्नाचा माणूस गेला तर मातीच्या आधी त्याचं रुईशी लग्न लावायचे. म्हणजे शेवटी रुईनंच सगळ्यांची अडचण निभावायची. गंमत म्हणजे एवढा मान असून दारात कुणी लावत नाही, "दारात रुई, घर ओस" म्हणणारे लोक याच गावात आहेत. मान द्यायचा पण अंतर ठेवून, आणि ते अंतर मला तरी बरोबरच वाटतं, कारण पुढं लिहितोय.

हे विषारी झाड आहे. आयुर्वेदात रुई उपविषात मोजलीय, धोतरा, कण्हेर, गुंज यांच्या पंगतीत. चिकात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. वाघ्या रंगाचं जे फुलपाखरू धुऱ्यावर दिसतं, त्याच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या हीच पानं खातात आणि ते विष अंगात साठवून ठेवतात, पाखरं मग त्यांना शिवत नाहीत. पूर्वी गुरं मारायला, गर्भ पाडायला हा चीक वापरायचे, बायका मेल्यात त्यात. तुमच्या घरात लेकरं आहेत म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो, मूळ ताईतात घालून लेकराच्या गळ्यात अजिबात बांधू नका, लेकरू ते तोंडातच घालणार. आणि डोळे. माळेसाठी पानं तोडताना चीक उडतो, बोटाला लागतो, तेच बोट डोळ्याला. यातली फसवी गोष्ट अशी की कैकदा डोळा दुखत नाही, चिकानंच बधिर होतो, नुसतं धुरकट दिसायला लागतं आणि माणूस म्हणतो जाईल उद्यापर्यंत. नाही. लगेच स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, पापण्या उघडून, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं. आईचं दूध, तूप, मध काही घालायचं नाही. विंचू चावला, साप चावला म्हणून चीक लावत बसणं हा पण निव्वळ वेळ घालवणं आहे, साप चावला की सरळ सरकारी दवाखाना.

धनाचं सांगतो. पांढऱ्या रुईखाली धन असतं ही समजूत मला वाटतं पडक्या गढ्यांमुळं आलीय. रुईला मोडलेली, दगडगोट्याची, कुणी न नांगरलेली जमीन आवडते, आणि पडकी गढी, जुनं गावठाण म्हणजे अशीच जागा, तिथं कधीतरी कुणाला एखादा हंडा सापडला असंल. म्हणजे रुई धनावर उगवत नाही, ओसाडीवर उगवते. आणि तुमची तर धुऱ्यावर आहे. देवऋषी पूजेला पैसे मागायला लागला, कोंबडं-बोकड, अमावास्येची रात्र असलं सुरू झालं की तिथंच थांबवा. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. गुप्तधनाच्या नादात माणसं कुठल्या थराला जातात ते पेपरात वाचताच की.

आणि आता ती हत्ताजोडी. हे वाचूनच मी लिहायला बसलो खरं तर. विकणारे सांगतात दुर्मिळ झाडाचं मूळ आहे, विंध्याचलातलं, हिमालयातलं, जोडलेले दोन हात दिसतात, शेंदूर आणि लवंगेत ठेवायचं, लक्ष्मी येते. ते मूळ नाहीये. ते घोरपडीच्या नराचं लिंग आहे, घोरपडीला ते जोडीनं असतं म्हणून दोन हात दिसतात, कापून वाळवून विकतात. २०१७ च्या सुमारास संशोधकांनी हे उघडकीला आणलं, ऑनलाइन मागवलेल्या नमुन्यांत काही खरे अवयव निघाले आणि काही तर चक्क प्लास्टिकचे साचे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. नुसतं जवळ बाळगणं पण गुन्हा, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. "मला झाडाचं मूळ म्हणून दिलं" हे फॉरेस्टवाल्यांपुढं चालत नाही. तेव्हा हातात घेऊ नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका, आणि जमलं तर वनविभागाला कळवा. जो माणूस घोरपडीचं लिंग देवघरात ठेवायला सांगतो त्याच्या पन्नास हजारांचं काय खरं धरायचं? बहुतेक वेळा असा माणूस मूळ नेत नाही, आधी "शुद्धीच्या पूजेला" पाच-दहा हजार तुमच्याकडनंच घेऊन जातो.

मग वडिलांचं काय. त्यांची श्रद्धा आहे, ती मोडायची गरज नाही, भांडण पण करू नका. त्यांना सांगा की मंदाराची पूजा जागेवरच. चतुर्थीला बुडाशी दिवा, हळद-कुंकू, फुलं वाहायची ती खाली पडलेली, आजूबाजूला चार दगड मांडून कट्टा करा म्हणजे नांगर लागणार नाही आणि तणनाशकाचा फवारा मारताना गडी विसरणार नाही, पांढऱ्या रुया आजकाल त्या फवाऱ्यानंच जास्त मरायल्यात. मूळच हवं म्हणून अडूनच बसले तर वर सांगितलेल्या रीतीनं बोटभर, एक, आणि देवघरात उंच ठेवा. खाण्यापिण्यात, काढ्यात, कशातही नाही.

अजून एक करता येईल. झाड वाढवा. बी धरायचं तर बोंड उकलून म्हाताऱ्या उडायच्या आत धरावं लागतं, आणि बियांपासून आलेलं झाड पांढरंच येईल असं नाही, भुंगे आजूबाजूच्या जांभळ्या रुयांवरनं फिरून आलेले असतात. म्हणून फांदीच लावा. पावसाळा लागताना जुन्या फांदीची वीतभर कांडी, अंगठ्याएवढी जाड, हातात मोजे घालून कापा, चीक गळून वाळू द्या दोन-तीन दिवस सावलीत, मग मुरुम मिसळलेल्या मातीच्या पिशवीत निम्मी गाडा. पाणी बेतानंच, जास्त झालं की बूड सडतं. पानं फुटून चांगली धरली की पुढच्या वर्षी गावातल्या मारुतीच्या पाराशेजारी लावा, गुरवाला पण माळेला पानं होतील. फक्त लेकरं खेळतात त्या बाजूला नको, आणि तुमच्या दारात तर नकोच.